किल्ली फिरवली, नुसतं 'टक्'

बोंडअळीचं पुढल्या खेपेस. आज दारातल्या जुन्या जीपविषयी.

मागल्या आश्विनात वणीजवळच्या एका गावी मुक्कामाला होतो. रात्री वावरातून येताना घरच्या पोराला साप चावला. जीप दारातच, पण किल्ली फिरवली तर नुसतं 'टक्'. घरधनी म्हणाले, "साहेब, बॅटरी गेली." मी दिवे लावायला सांगितले. दिवे लख्ख, आणि किल्ली फिरवताच पार विझले! हे लक्षण ध्यानात ठेवा. बॅटरीत दम आहे, जोड धरत नाही. बॉनेट उघडलं तर टर्मिनलवर हिरवट-पांढरा भुगा. क्लॅम्प सोडून चाकूनं खरवडले, पान्यानं आवळले, अन् गाडी सुरू झाली. पोरगं वणीच्या दवाखान्यात वेळेत पोचलं.

हे काम फुरसतीतच करून ठेवावं. बॉडीला जोडलेली तार आधी काढा, लावताना शेवटी लावा. म्हणजे पान्याची ठिणगी उडत नाही. बिडी दूर ठेवा, बॅटरीतून पेटणारा वायू निघतो. खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून टर्मिनल ब्रशनं घासा. बॅटरीची झाकणं मात्र घट्ट असू द्या. वाळल्यावर आवळून वरून व्हॅसलिन. बॉडीकडचा बोल्टही खरवडा, आपली काळी माती तिथेच बसते. बॅटरीत पाणी डिस्टिल्डच घाला. विहिरीचं नको, त्यात क्षार असतात.

एवढं करूनही दिवे मंदच राहिले, तर फॅनबेल्ट अंगठ्यानं दाबून पाहा. अर्ध्या इंचाहून बराच दबला, तर बॅटरी चार्ज होत नसेल. बेल्ट ताणून घ्या. नव्या बॅटरीचं त्यानंतर बघू.