पसंतीक्रम कोणाचा?

आमच्या शेजारच्या एकत्र कुटुंबांत यंदा मोठी चिंता उत्पन्न झाली. नात 'नीट' परीक्षा उत्तीर्ण झाली, परंतु गुण बेताचेच. वैद्यकीय महाविद्यालयांची यादी कशी करावी, हें विचारण्यास तिचे आजोबा आमचेकडे आले. प्रसंगीं कोंकणांतील वडिलोपार्जित बाग विकण्याचा विचारही त्यांच्या मनांत घोळत होता. असा प्रसंग अनेक घरांत येतो, म्हणून त्यांस जें सांगितलें तें येथें देतों.

प्रथम, गुणांपेक्षां गुणानुक्रमांक पाहावा. २०२४ सालीं ७२० पैकीं ७२० गुण मिळविणारे अनेक होते. २०२५ सालीं प्रश्नपत्रिका कठीण निघाली व देशांत पहिल्या आलेल्या विद्यार्थ्यासही ६८६ च गुण मिळाले. तेव्हां दोन वर्षांच्या गुणांची तुलना व्यर्थ होय. आपल्या प्रवर्गांत गतवर्षीं शेवटचा प्रवेश कोणत्या क्रमांकास मिळाला, हाच खरा मापदंड.

दुसरें, राज्यांतील सरकारी महाविद्यालयांच्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यांत जातात व ८५ टक्के राज्याकडे राहतात. दोहोंसाठीं अर्ज स्वतंत्र करावे. परंतु बेताचे गुण असणारानें मुख्य भिस्त राज्याच्या जागांवर ठेवावी. मुंबई-पुण्याचा हट्ट नको. सिंधुदुर्ग, नंदुरबार, गोंदिया येथेंही आतां सरकारी महाविद्यालयें आहेत. वैद्यकविद्या शेवटीं रोग्याच्या उशाशींच शिकावयाची असते.

तिसरें, भयानें यादी करूं नये. "हें कोठलें मिळायला!" असें म्हणून कित्येक जण आवडतें नांव खालीं लिहितात. जागावाटप गुणानुक्रमानें होतें आणि प्रत्येकाची यादी वरून खालीं पाहिली जाते. दुर्लभ नांव वर घातल्यानें खालचें सुलभ नांव हातचें जात नाहीं. उलट सुलभ नांव वर घातल्यास तेंच पदरीं पडतें आणि त्याखालचीं नांवें विचारांतच येत नाहींत.

यादीचा आरंभ असा इच्छेनें करावा. शेवट मात्र ऐपतीनें. जेथील शुल्क साडेचार वर्षें झेपणार नाहीं, तें नांव लिहूंच नये. अभिमत विद्यापीठांसाठीं २०२५ सालीं दोन लक्ष रुपये अनामत होती; दुसऱ्या फेरींत मिळालेली जागा नाकारल्यास ती जप्त होत असे. परदेशाची वाट स्वस्त वाटते, परंतु परत आल्यावर येथील परीक्षा उत्तीर्ण झाल्यावांचून व्यवसाय करतां येत नाहीं, हें विसरूं नये.

"मग बागेचें काय, मास्तर?" आजोबांनीं विचारलें. आम्हीं नातीसच बोलावून घेतलें. ती म्हणाली, "आजोबा, बाग विकूं नका. सरकारी जागा न मिळाल्यास मी आयुर्वेदास जाईन. तेथील प्रवेशही याच परीक्षेवर होतात, आणि मला तो विषय आवडतो."

आजोबा कांहीं वेळ स्तब्ध राहिले. घरांत महिनाभर खल चालला होता, पण हा प्रश्न त्या मुलीस कोणीं विचारलाच नव्हता.

पसंतीक्रम विद्यार्थ्याचा असतो. वडील मंडळींनीं आपली ऐपत स्पष्ट सांगावी, माहिती मिळवून द्यावी, आणि लेखणी त्याच्या हातीं सोंपवावी.