बांधकामापुढे शून्य

तुळशीबागेतली खरेदी आटोपली की हातातल्या पिशव्या घटकाभर खाली ठेवा आणि बाजीराव रस्त्यावरच्या विश्रामबागवाड्याकडे मान वर करून पाहा. सागवानी सज्जा, सुरूच्या झाडासारखे निमुळते खांब, दारावर पुढे आलेली कोरीव मेघडंबरी. येताजाता दिसते सगळे. पाहत मात्र आपण नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात दुसऱ्या बाजीरावाने सुमारे दोन लाख रुपये खर्चून हा वाडा बांधला. नारायणरावांचा खून पाहिलेल्या शनिवारवाड्यात त्याचे मन रमत नसे, असे सांगतात. १८१८ मध्ये राज्य बुडाले, धनी बिठूरला गेला. १८२८ च्या आगीत शनिवारवाडा जळाला. तट, दरवाजे आणि जोती तेवढी उरली.

विश्रामबागवाडा उरला तो काही अंशी नशिबाने, पण बराचसा कामाला लागला म्हणून. १८२१ मध्ये येथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. तिचेच पुढे डेक्कन कॉलेज झाले. मग हायस्कूल आले. १८७९ मध्ये यालाही आग लागली, मोठा भाग गेला. तरी तो पुन्हा उभा केला गेला. विसाव्या शतकात येथे पालिकेची कचेरीही नांदली.

मी बँकेत असताना कर्जाच्या तारणासाठी जुन्या वाड्यांचे मूल्यांकन टेबलावर येई. जागेपुढे लाखांचा आकडा, बांधकामापुढे शून्य! मीही मुकाट्याने सह्या केल्या. हिशेब नियमाला धरूनच होता. पण चौकातला उजेड, शंभर वर्षे भार पेललेली तुळई, यांच्यासाठी त्या कागदावर रकानाच नव्हता. त्यांतल्या एका वाड्याच्या जागी आता सहा मजले आहेत. ‘वाडा’ उरला आहे तो पाटीवरच्या नावात.

वापराने वास्तू झिजते, असे कोणी म्हणेल. खरे आहे. माणसे आली की खिळे ठोकतात, तारा ओढतात. त्यांना शिस्त लावावीच लागेल. पण जतन म्हणजे कुलूप नव्हे. जुन्या वाड्यात वाचनालय चालू द्या, गाण्याचा वर्ग भरू द्या आणि दुरुस्तीची रक्कम दरवर्षी आधी बाजूला काढा. छप्पर गळते आहे हे कळायला त्याखाली रोज कोणीतरी बसलेले असावे लागते.