खो-खोचे छायाचित्र आणि उसनी मापे

क्रीडाछायाचित्रण करणाऱ्यांमध्ये एक वाद वर्षानुवर्षे चालत आला आहे. पैसे बेताचे असतील, तर कॅमेऱ्याची बॉडी बदलावी की लेन्स? बॉडीचा पक्ष घेणारे म्हणतात की वेग, फोकस आणि कमी उजेडातली ताकद बॉडीत असते. लेन्सचा पक्ष घेणारे म्हणतात की बॉडी चार-पाच वर्षांत जुनी होते, लेन्स मात्र आयुष्यभर साथ देते. साहित्याच्या विद्यार्थ्याला आणि अध्यापकाला ही हौशी माणसांची खरेदीची कुरबुर वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः कोणत्या खेळाकडे कुठून पाहायचे, हे या वादात न बोलता ठरवून टाकलेले असते. आमचा आक्षेप नेमका त्या ठरवून टाकण्यावर आहे.

या वादातली बहुतेक मापे क्रिकेट आणि फुटबॉल या खेळांनी घालून दिलेली आहेत. क्रिकेटचा छायाचित्रकार सीमारेषेबाहेर बसतो आणि फलंदाज त्याच्यापासून साठ-सत्तर मीटर लांब असतो. म्हणून त्याला ४०० किंवा ६०० मिलिमीटरची लेन्स लागते. ४०० मिलिमीटर, एफ २.८ या प्रतीची नवी लेन्स आज दहा लाख रुपयांच्या पुढे जाते. ती न परवडणारा ७०-२०० मिलिमीटरवर समाधान मानतो, तीही न परवडणारा आपण या क्षेत्रात उपरेच आहोत असे समजतो. ही उतरंड आमच्याकडे जशीच्या तशी स्वीकारली गेली आहे. समीक्षेतल्या उसन्या मापांवर आपण तावातावाने बोलतो. ही मापे मात्र कोणाच्या ध्यानातही येत नाहीत.

ही मापे धाराशिव जिल्ह्यात आणून पाहावीत. हा जिल्हा खो-खोचा आहे. २०१६ च्या गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार सारिका काळे इथलीच, आणि २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या विश्वचषकात भारताने पुरुष आणि महिला ही दोन्ही विजेतेपदे मिळवली. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. तेव्हा लोहारा तालुक्यातल्या सास्तूरसारख्या गावी एखादा शिक्षक कॅमेरा घेऊन शाळेच्या मैदानावर उभा राहिला, तर त्याच्यासमोर बहुधा खो-खो असेल, असे मानायला हरकत नाही. त्याने बॉडी घ्यावी की लेन्स?

आधी हिशेब करू. खो-खोचे मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. खांबाच्या मागे थोडे अंतर राखून उभे राहिले, तर त्या बाजूचा निम्मा खेळ वीस मीटरच्या आत घडतो. नेहमीच्या मध्यम सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स लावली, की दहा मीटरवरचा गडी चौकटीची साधारण निम्मी उंची व्यापतो. कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ मिलिमीटरची लेन्स ५५ वर एफ ५.६ इतकीच उघडते. ५० मिलिमीटरची साधी लेन्स एफ १.८ पर्यंत उघडते, म्हणजे जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. संध्याकाळच्या सामन्यात जिथे शटर सेकंदाच्या शंभराव्या भागावर अडकून सूर मारणारी मुलगी धुरकट होत होती, तिथे ते हजाराव्या भागाच्या जवळ जाते. एवढा फरक नवी बॉडी एकटी पाडू शकत नाही. प्रतिमेतला दाणेदारपणा आज संगणकावर बराच निवळता येतो, त्यामुळे नव्या बॉडीचा तोही दावा पूर्वीइतका भक्कम राहिलेला नाही. शिवाय अशी ५० मिलिमीटरची साधी लेन्स काही हजारांत मिळते, वापरलेली त्याहून स्वस्त.

बॉडीवाल्यांचा सर्वांत सबळ मुद्दा टाळून चालणार नाही. आजचे कॅमेरे माणूस ओळखतात, त्याचा डोळा शोधतात आणि धावणाऱ्याच्या मागे फोकस नेतात. एकट्या धावपटूच्या बाबतीत हा मुद्दा आम्हांला मान्य आहे. पण पारंपरिक नियमांच्या खो-खोत मैदानावर एका वेळी बारा गडी असतात. आठ बसलेले, एक पाठलाग करणारा, तीन पळणारे. या बारांतला कोणता महत्त्वाचा, हे कॅमेऱ्याला कोण सांगणार? ते सांगतात खेळाचे नियम. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली, की खांबापर्यंत गेल्याशिवाय त्याला उलट फिरता येत नाही; मध्यपाटी त्याला ओलांडता येत नाही; बसलेले गडी आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात, म्हणून खो मिळालेला कोणत्या बाजूला उठेल हे आधीच ठरलेले असते. ज्याला हे ठाऊक आहे, तो खांबाच्या अंतरावर फोकस पक्का करून सुराची वाट पाहू शकतो. पळतीची हुलकावणी फसते कुठे, साखळी तुटते कधी, हे जो वर्षभर मैदानावर उभा राहिला आहे त्याला कळते. जुनी बॉडी मोडेपर्यंत तिच्यावर पैसे घालू नयेत असे आम्ही म्हणतो, ते या कारणासाठी.

लेन्सवाल्यांनी यावर लगेच समाधान मानू नये. ‘लेन्स आयुष्यभराची’ हे त्यांचे ब्रीद २०१८ नंतर पुरते खरे राहिलेले नाही. त्या वर्षी निकॉन आणि कॅनन या दोघांनीही आरसाविरहित कॅमेऱ्यांसाठी लेन्सचे जोड बदलले. निकॉनचा जुना जोड १९५९ पासूनचा, कॅननचा १९८७ पासूनचा. दुवा देणारी कडी मिळते, पण निकॉनच्या ज्या जुन्या लेन्सना बॉडीतल्या मोटारीची गरज असे, त्यांचा आपोआप होणारा फोकस त्या कडीवर चालत नाही.

याहून गंभीर आक्षेप सौंदर्यदृष्टीचा आहे. लांब पल्ल्याची मोठी लेन्स पार्श्वभूमी वितळवून टाकते आणि त्या वितळलेल्या रंगांत एकटा खेळाडू झळाळतो. हे रूप आम्ही क्रीडापृष्ठावरून इतके गिरवले आहे, की तेच उत्तम छायाचित्र असे मानू लागलो आहोत. खो-खोत मात्र एकटा खेळाडू नसतोच. उठण्याच्या पवित्र्यात बसलेल्यांची ओळ पुसली, तर उरते ती नुसती एक धावणारी मुलगी, आणि ती कुठलाही खेळ खेळत असू शकते. ओळीबरोबर गावही पुसले जाते.

सास्तूरच्या बाबतीत हे पुसणे आम्हांला खुपते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे झोपेत गेली. त्या दिवसांत बाहेरचे कॅमेरे या भागात आले. त्यांनी टिपलेले ढिगारे, चिता आणि दगडमातीच्या पडलेल्या भिंती हीच बाहेरच्या जगाला या गावांची ओळख होऊन बसली. ती चित्रे खोटी नव्हती. पण त्यानंतर वसलेल्या गावात जन्मलेली मुले आज स्वतः आईबाप होण्याच्या वयाची आहेत, आणि त्यांच्या गावाचे दुसरे चित्र बाहेर कोणी पाहिलेले नाही. त्या मैदानावर मुली धावत असतील, तर मागची शाळेची भिंत, कडेला उभी माणसे आणि उडणारी माती चौकटीत आलीच पाहिजे. म्हणून आमचा कौल लेन्सला आहे, आणि तोही आखूड, उजळ लेन्सला. ती घेऊन छायाचित्रकाराला जवळ जावे लागते, आणि एफ १.८ वरून एफ २.८ वर आला तरी दुपारच्या उन्हात किंवा बऱ्या झोतात त्याला मागचे गाव ओळखू येईल इतके राखता येते.

शेवटचा मुद्दा आमच्या वाचकांपैकी जे महाविद्यालयांचे वार्षिकांक काढतात त्यांच्यासाठी. आमच्या वृत्तपत्रांतली खो-खोची मराठी अतिशय नेमकी आहे. कोणी किती मिनिटे संरक्षण केले, किती गडी टिपले, सामना एक डाव राखून जिंकला की काही मिनिटे राखून, हे ती दोन ओळींत सांगते. तिच्याखाली छापलेले चित्र मात्र करंडकाचे असते: मध्ये प्रमुख पाहुणे, दोन्ही बाजूंना संस्थाचालक, आणि खेळाडू मागच्या रांगेत किंवा पायाशी बसलेले. वार्षिकांकही तेच चित्र दरवर्षी छापतो. त्यात लेन्सचा दोष नाही, संपादकाचा आहे. उद्या क्रीडाविभागाकडे दहा-पंधरा हजार रुपये आले आणि कोणी नव्या बॉडीची हप्त्यावरची योजना पुढे केली, तर त्याला थांबवावे, उजळ ५० मिलिमीटर घ्यावी, आणि पुढच्या अंकात करंडकाच्या जागी खांबावरचा एक सूर छापावा. खाली त्या मुलीचे नाव द्यावे आणि गावाचेही.