काचेच्या टाकीत उंदीर नको

पांढरे उंदीर पाळायचे ठरले की पहिली खरेदी फसते ती त्यांच्या घराची. समोर बहुधा दोनच गोष्टी येतात: माशांची काचेची टाकी, नाहीतर लव्हबर्डचा पिंजरा. टाकी सुबक दिसते आणि उंदीर निसटतही नाही. तरी पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात ती घेऊच नये, असं माझं मत आहे. उंदरांच्या मूत्रातल्या युरियापासून जिवाणू अमोनिया बनवतात. काचेआड हवा हलत नाही, अमोनिया साठतो, आणि श्वसनाचे आजार मुळातच लवकर जडणाऱ्या या प्राण्याची छाती त्यात भरते. वर आपला एप्रिल-मे. पारा चाळिशीला टेकतो, कामगार वस्त्यांत पत्र्याच्या खोल्या काही कमी नाहीत, आणि गुरुवारी, कारखान्यांच्या सुट्टीदिवशी, दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवण्याची इथली रीत. पंखा थांबला की माणूस दारात येऊन बसतो. उंदराला घाम गाळून अंग थंड करता येत नाही आणि टाकीबाहेरही येता येत नाही.

पक्ष्यांचा पिंजरा हवेशीर खरा, पण त्याच्या तारांतून उंदीर सहज पसार होतो आणि तळाच्या जाळीने पाय दुखावतात. प्रयोगशाळांनी हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे: भरीव तळाचा प्लास्टिकचा टब, आत भुसा, वर तारेचं झाकण. त्यांची रचना घ्यावी, आकार घेऊ नये; तो प्रयोगाच्या सोयीने ठरलेला असतो. मोठा प्लास्टिकचा खोका घेऊन झाकणाला आणि दोन बाजूंना खिडक्या कापाव्यात, त्यांवर पाव इंचाहून मोठी नाही अशी वेल्डेड जाळी आतून बसवावी, म्हणजे कापलेल्या कडा कुरतडता येत नाहीत. भोसरीत फॅब्रिकेशनवाल्यांची वाण नाही. मोह आवरायचा तो पॅलेटच्या भुशाचा. चाकणमध्ये पाइनची लाकडं फुकटात मिळतील, पण पाइनचा उग्र वास याच छातीला बाधतो, आणि ‘एमबी’ शिक्क्याच्या पॅलेटला मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते. त्यापेक्षा पार्टच्या खोक्यांचा कोरा पुठ्ठा फाडून घालावा.

जाळीमुळे घरभर वास सुटेल, हा आक्षेप अर्धा खरा. तीव्र वास मुख्यतः नरांचा, आणि तो काचेने जात नाही, आतच राहतो. माद्या दोघी-तिघी एकत्र ठेवाव्यात. नर एकमेकांना फाडतात, आणि नर-मादी एकत्र ठेवल्यास तीन आठवड्यांत पिल्लं. (दुकानदाराने ‘जोडी’ म्हणून दिलं तर तपासून घ्यावं.) दोन वर्षांच्या जिवाला इतका खटाटोप कशाला, असंही विचारतील. त्याच्या वाट्याला उन्हाळे दोनच; पहिला टाकीत काढला तर दुसरा दिसेलच असं नाही.

खरा वजनदार आक्षेप चापेकरांच्या चिंचवडातच निघू शकतो: १८९७ चा प्लेग ज्या जातीने आणला ती घरात कशाला? प्लेग पसरवला तो मोठ्या काळ्या उंदरांवरच्या पिसवांनी. हा पांढरा उंदीर घरातल्या चिमुकल्या उंदराच्या जातीचा. तरी भीती पूर्ण निराधार नाही. रानोमाळ, गोदामात फिरणाऱ्या उंदरांपासून रोग येऊ शकतात, आणि सांडलेल्या दाण्यांच्या वासाने ते पाळीव उंदरांच्या खोक्याशी येतातच. बारीक जाळी त्यांना आत शिरू देत नाही, मात्र जाळीतून मूत्र आत ठिबकू शकतं. तेव्हा खोका टेबलावर, भिंतीपासून हातभर लांब ठेवायचा आणि दाण्यांचा डबा घट्ट झाकणाचा घ्यायचा.