वाचणारा लिहू लागतो तेव्हा

‘लेखक व्हायचे असेल तर भरपूर वाचा,’ हा उपदेश वाङ्मय मंडळाच्या उद्घाटनाला येणारा बहुतेक प्रत्येक पाहुणा करतो आणि टाळ्या घेऊन जातो. उपदेश खोटा नाही. पण अपुरा आहे. नुसत्या वाचनाने लेखन घडत असते, तर वाचनालयातील कपाटामागून कपाट संपविणारे सगळेच वाचक कादंबरीकार झाले असते. बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयाची स्थापना १८४८ सालची. तेव्हापासून या भागात वाचकांच्या किती पिढ्या होऊन गेल्या! त्यांतील बहुतेकांनी आयुष्यात एकही कथा लिहिली नाही आणि त्यावाचून त्यांचे काही अडलेही नाही. वाचनाचा आनंद स्वयंपूर्ण आहे. मग मूठभर वाचकच कथा लिहायला का बसतात? जन्मभर पुस्तकांच्या नादी लागलेला आणि उशिरा का होईना, कथा लिहू लागलेला एक माजी विद्यार्थी या नात्याने, या प्रश्नाविषयी मला जे वाटते ते येथे मांडतो.

माझे उत्तर थोडक्यात असे आहे. पुस्तकाने न सोडविलेला प्रश्न ज्याला स्वस्थ बसू देत नाही, तो वाचक लेखक होतो.

माझ्या पिढीतील अनेकांच्या वाचनाचा श्रीगणेशा ‘चांदोबा’ने झाला. त्यातील विक्रम आणि वेताळाची गोष्ट आम्ही आधी वाचायचो. गोष्टीच्या शेवटी वेताळ प्रश्न विचारी आणि उत्तर ठाऊक असून दिले नाहीस तर डोक्याची शकले होतील, अशी धमकी देई. राजाचे उत्तर हाताने झाकून आपले उत्तर आधी ठरवायचे, हा आम्हा भावंडांचा खेळ होता. राजाचे उत्तर पुष्कळदा आम्हांला पटत नसे आणि मग घरात वाद होई. शेजारच्या कन्नड घरात हेच मासिक कन्नडमधून येई. चित्रे तीच, अक्षरे निराळी. चित्रांवरून गोष्ट ताडायची आणि गोष्टीवरून अक्षरे लावायची, असे करता करता मी कन्नड वाचू लागलो. आज मागे वळून पाहताना वाटते, की कथालेखनाची दोन्ही बीजे तेथेच पडली. राजाच्या उत्तरावर समाधान न मानणे हे एक आणि तीच गोष्ट दुसऱ्या भाषेत ऐकणे हे दुसरे.

पहिल्या गोष्टीचे उत्तम उदाहरण म्हणजे ययातीची कथा. महाभारतातील ही कथा आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. म्हातारपणाचा शाप मिळालेला राजा मुलांकडे तारुण्य मागतो आणि धाकटा पुरू ते देतो. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ ही मराठी कादंबरी १९५९ साली आली आणि गिरीश कार्नाड यांचे ‘ययाति’ हे कन्नड नाटक १९६१ साली. दोघांनी एकच कथा वाचली होती, पण दोघांना पडलेले प्रश्न वेगळे होते. मूळ कथेत देवयानीचा निरोप घेऊन कच निघून जातो आणि कथेला त्याची फारशी गरज उरत नाही. खांडेकरांना तो सोडवेना. संयमाचा मार्ग पत्करलेला हा माणूस भोगाच्या मागे धावणाऱ्या ययातीसमोर पुन्हा पुन्हा उभा राहिला तर काय होईल, या विचाराने त्यांची कादंबरी भारलेली आहे. कार्नाडांची नजर मात्र पुरूच्या घरात गेली. नवऱ्याचे तारुण्य सासऱ्याच्या अंगी गेले, तर सुनेने काय करायचे? त्यांची चित्रलेखा हा प्रश्न थेट सासऱ्यालाच विचारते. मूळ कथेने तिची वास्तपुस्त केलेली नाही. ती विचारपूस एका तरुण वाचकाने केली. इंग्रजीत कवी होण्याची स्वप्ने पाहणाऱ्या कार्नाडांच्या हातून हे नाटक उतरले ते मात्र कन्नडमधून, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. प्रश्न जिव्हाळ्याचा असला की तो आपली भाषा आपणच निवडतो.

आता दुसरी गोष्ट. ऐकलेली कथा दुसऱ्या भाषेत सांगून पाहणे, हा वाचन आणि लेखन यांमधला पूल आहे. कन्नड विभागातील आपल्या मित्रांना गळगनाथ हे नाव परिचयाचे असेल. मराठी विभागातील किती जणांना ते ठाऊक आहे, याची मला शंका आहे. वेंकटेश कुलकर्णी (१८६९–१९४२) हे त्यांचे मूळ नाव. हावेरीकडील आपल्या गावाचेच नाव त्यांनी लेखनासाठी घेतले. पेशाने ते शिक्षक होते. हरि नारायण आपटे यांच्या मराठी ऐतिहासिक कादंबऱ्यांनी ते भारून गेले आणि त्या त्यांनी कन्नडमध्ये आणल्या. पण ते तेथेच थांबले नाहीत. आपट्यांनी मराठ्यांच्या इतिहासातून कादंबरी उभी केली, तर आमच्या विजयनगराची कादंबरी कोठे आहे? या प्रश्नाचे उत्तर त्यांनी ‘माधव करुणाविलास’ ही स्वतंत्र कादंबरी लिहून दिले. एवढेच नव्हे, तर आपली पुस्तके स्वतः वाहून नेऊन त्यांनी गावोगावी वाचकांच्या दारात विकली. कन्नड कादंबरीचा वाचकवर्ग घडविण्यात अशा रीतीने एका मराठी कादंबरीकाराचाही वाटा आहे. भाषांतर करणारा माणूस प्रत्येक वाक्यापाशी थांबतो. हे वाक्य येथेच का आले, हा माणूस असेच का बोलला, असे त्याला विचारावेच लागते. इतके सावकाश वाचन दुसऱ्या कोणत्याही रीतीने होत नाही.

जी. ए. कुलकर्णी यांच्याकडे पाहा. जन्म आपल्याच जिल्ह्यातील एकसंब्याचा, १९२३ सालचा. शिक्षण बेळगावात, नोकरी धारवाडात इंग्रजी शिकविण्याची. भोवती कन्नड, वर्गात इंग्रजी आणि लेखन मराठीत! ‘निळा सावळा’ (१९५९) पासून ‘काजळमाया’ (१९७२) पर्यंत मराठी कथेला ज्याने नवी खोली दिली तो माणूस पुण्यामुंबईत राहत नव्हता. याच माणसाने कॉनराड रिक्टर या अमेरिकन कादंबरीकाराच्या कादंबऱ्या ‘रान’, ‘शिवार’, ‘गाव’ अशा अस्सल मराठी नावांनी आपल्या भाषेत आणल्या. दुसरे उदाहरण प्रकाश नारायण संत यांचे. १९३७ साली बेळगावात जन्मलेला, कराडला भूगर्भशास्त्र शिकविणारा हा प्राध्यापक. त्यांचा ‘वनवास’ हा कथासंग्रह आला तो १९९४ साली, म्हणजे वयाची पन्नाशी उलटून गेल्यावर. त्यातला लंपन हा मुलगा या सीमाभागातला आहे आणि येथलेच, कन्नडची फोडणी असलेले मराठी बोलतो. त्या बोलीमुळे पुण्याच्या वाचकाचे काही अडले नाही. उलट तो लंपनच्या प्रेमात पडला.

हे सारे सांगण्याचे कारण असे, की नियतकालिकासाठी येणाऱ्या कथा मी गेली काही वर्षे हौसेने वाचतो आहे. त्यांतील नायक समुद्रकिनाऱ्यावर नायिकेची वाट पाहतो आणि दूरदर्शन मालिकेतल्यासारखे बोलतो. ज्याने ती कथा लिहिली तो स्वतः मात्र मित्राला ‘काय करालास?’ म्हणून विचारतो, चौकाला ‘खूट’ म्हणतो, मोठ्या बहिणीला ‘अक्का’ म्हणून हाक मारतो आणि बसवर आलेल्या कन्नड पाटीवरून गाव ओळखतो. यातले काहीच कागदावर येत नाही. कारण त्याला वाटते, की छापील पुस्तकात जे नाही ते लिहिण्याजोगे नाही. माझे म्हणणे नेमके उलट आहे. इतकी वर्षे पुस्तके वाचूनही ज्या माणसांची गाठ कोठल्याच पानावर पडली नाही, त्यांच्याविषयी लिहिण्याचा पहिला हक्क तुमचा. माझी पहिली छापलेली कथा आमच्या गल्लीतल्या एका बाईची होती. ती हिशेब मराठीत करी, देवाशी कन्नडमध्ये बोले आणि भांडताना दोन्ही भाषा वापरी. तिच्यासारखे कोणी मला पुस्तकात भेटले नव्हते. ती कोणत्या भाषेत रडत असेल, या एका प्रश्नातून ती कथा सुरू झाली.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की मोबाइलच्या जमान्यात वाचतो कोण? वाचन कमी झाले असेल, पण मुलांचे गोष्टी ऐकणे आणि पाहणे कमी झालेले नाही. मालिका पाहूनही प्रश्न पडू शकतो. तो वहीत टिपला जातो की पुढचा भाग सुरू झाला की विसरला जातो, एवढाच फरक. दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. सीमाप्रश्नाची जखम भळभळत असताना कन्नड वाचण्याचा आग्रह कशासाठी? सीमाप्रश्नाचा निकाल जेथे लागायचा तेथे लागेल. त्यासाठी झगडणाऱ्यांविषयी मला आदर आहे. परंतु आपट्यांची कादंबरी कन्नडमध्ये गेल्याने मराठी उणी झाली नाही आणि कन्नड वाचल्याने माझे मराठी बाटले नाही. उलट, शेजाऱ्याच्या भाषेत ज्याला शब्द आहे आणि आपल्या भाषेत नाही, अशी एखादी गोष्ट सापडली की आपल्या भाषेचे अंगण केवढे आहे ते कळते.

म्हणून विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, माझी एक साधी सूचना आहे. आपल्या नियतकालिकात मराठी आणि कन्नड असे दोन विभाग एकाच मुखपृष्ठाखाली नांदतात. पण मराठीचा वाचक कन्नडची पाने उलटून टाकतो आणि कन्नडचा वाचक मराठीची. दरवर्षी कन्नड विभागातील एक कथा मराठीत आणि मराठी विभागातील एक कथा कन्नडमध्ये यावी. भाषांतर विद्यार्थ्यांनीच करावे, मूळ लेखकाशेजारी बसून, शब्दाशब्दाला भांडून करावे. आणि ज्यांना स्वतःची कथा लिहायची आहे त्यांनी एक वही घालावी. वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाखाली त्याचा सारांश लिहू नये. पुस्तक मिटल्यावर उरलेला एक प्रश्न लिहावा. पन्नास प्रश्न जमले की त्यांतला एखादा तुमची पाठ सोडणार नाही.

आपले वाचन पुरेसे झाले की लिहू, असे म्हणत बसलात तर तो दिवस कधीच उजाडणार नाही. पुस्तके संपत नसतात. वाचन चालू ठेवा आणि त्याच हाताने लिहायला लागा. तुमच्या गल्लीतली, घरातली, बाजारातली माणसे अजून कोणत्याही पुस्तकात गेलेली नाहीत. तुम्ही लिहिले नाही, तर त्यांच्याविषयी दुसरे कोण लिहिणार?