घर दिलं, वाट काढून घेतली



गेल्या महिन्यात मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका पुनर्वसन वसाहतीत आमच्या गटाची बैठक होती. वेळ तीनची. साडेचार वाजले तरी निम्म्या बायका आलेल्या नव्हत्या आणि मी मनातून चिडले होते. तेवढ्यात एक मावशी आल्या, जिन्याच्या पायरीवरच टेकल्या आणि म्हणाल्या, "ताई, रागावू नका. बसच आली नाही."

या मावशी पूर्वी रेल्वेरुळांलगतच्या झोपडीत राहायच्या. चार घरची धुणीभांडी, सगळी चालत दहा मिनिटांवर. दुपारी घरी येऊन पोरांना जेवायला वाढायच्या. आता पक्कं घर आहे, संडास घरात आहे. पण चारातली दोन कामं सुटली. हे नशीब नव्हे; हे कुणीतरी कागदावर आखलेलं आहे.

मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पासाठी जागतिक बँकेनं 2002 मध्ये कर्ज दिलं. रूळ वाढवायचे, रस्ते रुंद करायचे, म्हणून सुमारे एक लाख माणसं हलवली. मानखुर्द, गोवंडी, वाशी नाका अशा ठिकाणी 225 चौरस फुटांच्या खोल्या मिळाल्या. लोकांनी तक्रारी केल्या, तेव्हा बँकेनं 2006 मध्ये रस्ते आणि पुनर्वसनाचे पैसे काही महिने रोखूनही धरले. म्हणजे शहराचा प्रवास सुखाचा व्हावा म्हणून ज्यांची घरं गेली, त्यांच्याच वाट्याला प्रवासाचे हाल आले!

घर कामाजवळ का हवं, हे सरकारला ठाऊक नाही असं नाही. पदपथावर राहणाऱ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1985 मध्येच मान्य केलं, की उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. माणसं तिथं राहतात कारण त्यांचं काम तिथं आहे. तत्त्व मान्य केलं आणि नोटीस देऊन हटवायला परवानगीही दिली. तेव्हापासून हेच चाललंय. तत्त्व फायलीत, बुलडोझर दारात.

बरं, लांब टाकलंत तर निदान बस तरी द्या. 2010 च्या सुमारास बेस्टकडे चार हजारांवर गाड्या होत्या. 2025 मध्ये त्या तीन हजारांच्याही खाली आल्या, आणि त्यातल्या बहुतेक कंत्राटदारांच्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यात साध्या बसचं कमीत कमी भाडं 5 रुपयांवरून 10 झालं. हिशेब करून बघा. दोन बस बदलून जाणारी आणि तशीच परतणारी बाई दिवसाला 20 रुपये जास्त मोजते. 26 दिवसांचे 520. एका घरच्या भांड्यांच्या पगारातला केवढा तरी भाग नुसता बसमध्ये जातो.

उलट 2024 मध्ये सागरी किनारा रस्ता खुला झाला. हजारो कोटींचा रस्ता, मोटारवाल्यांना टोल नाही, दुचाकीला मात्र बंदी. मोटारवाल्याला फुकट जाऊ देणं म्हणजे विकास आणि बसला पैसे देणं म्हणजे तोटा, ही भाषा कुणाची?

"मेट्रो आली ना!" असं आम्हाला ऐकवलं जातं. मेट्रो एका स्टेशनातून दुसऱ्या स्टेशनात नेते. बाईचा प्रवास असा सरळ रेषेत नसतो. पोराला शाळेत सोडायचं, रेशन घ्यायचं, दोन घरची कामं, मध्येच सासूचा दवाखाना. तिला दर दहा मिनिटांनी येणारी, दारापर्यंत नेणारी स्वस्त बस लागते.

आता थोडं आपल्याबद्दल. पुनर्वसनाच्या घरावर नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव लागावं, यासाठी आपण झगडलो. ते योग्यच होतं. प्रवासाचा विषय निघाला की आपण छेडछाड आणि बायकांचा डबा एवढंच बोललो. तेही योग्यच. पण नाव लागलेलं घर कुठं आहे आणि तिथून कामावर जायला काय आहे, हे आपण विचारलं नाही. मीही विचारलं नाही. घर एका खात्याकडे, बस दुसऱ्याकडे, आणि आपली निवेदनंही तशीच वेगवेगळी!

म्हणून माझं म्हणणं आहे, की यापुढे या मागण्या एकत्रच मांडायच्या. पुनर्वसन शक्यतो जुन्या वस्तीजवळ. बसमार्ग आधी, चाव्या नंतर. 2023 मध्ये एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झालं, तशीच सवलत प्रत्येक शहराच्या बसमध्ये हवी. आणि कुठली बस बंद करायची हे ठरवण्याआधी त्या बसनं जाणाऱ्या बायकांना विचारायचं.

त्या दिवशी बैठक पाच वाजता सुरू झाली आणि साडेपाचला मावशी उठल्या. संध्याकाळचं काम होतं. शेवटचा ठराव त्यांना ऐकताच आला नाही. पुढची बैठक आम्ही बसथांब्यावरच ठेवली आहे. तुम्हीही या.