टोमॅटोचे वाळवण आणि गच्चीची किल्ली

ज्या वर्षी मे महिन्यात वेचणीची मजुरीदेखील सुटेना म्हणून नाशिककडील शेतकऱ्यांनी टोमॅटोची जाळी बाजाराच्या आवारात रिती केली, त्याच २०२३ सालच्या जुलै महिन्यात हा जिन्नस शहरांतून किलोला शंभर रुपयांची मर्यादा ओलांडून गेला, आणि आंध्र, कर्नाटक व महाराष्ट्र येथून तो खरेदी करून उत्तरेकडील शहरांत सवलतीच्या दराने विकण्याची तजवीज केंद्र सरकारला नाफेड व राष्ट्रीय सहकारी ग्राहक महासंघ यांच्यामार्फत करावी लागली. भावाची अशी दोन टोके अवघ्या दोन महिन्यांच्या अंतराने दिसत असताना, स्वस्ताईच्या दिवसांत चार किलो टोमॅटो वाळवून ठेवावेत हा विचार कोणाही संसारी माणसाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. कांदा चाळीत टिकतो, बटाटा शीतगृहात राहतो. परंतु शंभरातले चौऱ्याण्णव-पंचाण्णव भाग पाणीच असलेल्या टोमॅटोला घरच्या घरी दीर्घायुष्य द्यायचे, तर ते पाणी काढून टाकण्यावाचून गत्यंतर नाही.

आपल्याकडे वाळवणाची विद्या काही कमी नाही. कोकणात आमसुले व आंबोशी, देशावर सांडगे, कुरडया व भरल्या मिरच्या असा उन्हाळ्याचा शिरस्ता पिढ्यानुपिढ्या चालत आला. पण मूळचा अमेरिका खंडातला टोमॅटो आपल्या स्वयंपाकघरात फार उशिरा दाखल झाल्यामुळे या जुन्या दफ्तरात त्याच्या नावाचे पान उघडलेच गेले नाही. वहिवाट नसली म्हणजे जाहिरातीचे फावते, आणि म्हणूनच आज टोमॅटो वाळवण्याचा विषय निघाला की विजेवर चालणाऱ्या कोणत्या यंत्राला किती ताटल्या आहेत याचीच चर्चा प्रथम होते. माझ्या मते हा प्रारंभच चुकीचा आहे. यंत्र कोणते हा प्रश्न नंतरचा, आपल्या गावची हवा कशी हा पहिला.

पदार्थ नुसत्या उष्णतेने वाळत नाही. उष्णतेने सुटलेली वाफ वाहून नेणारी कोरडी व हलती हवा त्याच्याभोवती असावी लागते. हवेतच ओलावा भरलेला असेल, तर वरून कितीही ऊन तापो, फोडीतील पाणी बाहेर पडण्यास नाखूश असते. उलट आच प्रमाणाबाहेर वाढवली, तर फोडीचा बाहेरचा पापुद्रा आधीच आवळून कडक होतो, आतली ओल आत कोंडली जाते, आणि वरून खडखडीत दिसणारी ती फोड बरणीत आठ-पंधरा दिवसांत बुरशीला बळी पडते. साठ अंशांच्या आसपासची ऊब आणि वाहता वारा हे दोन्ही ज्या रीतीत साधते ती रीत चांगली, एवढे ध्यानात ठेवले की पुष्कळसा वाद मिटतो.

या कसोटीवर पाहता फेब्रुवारीपासून मे अखेरपर्यंत नगर, सोलापूर, मराठवाडा, खानदेश आणि विदर्भ या मुलखांत उन्हाशी स्पर्धा करू शकेल असे एकही उपकरण नाही, असे मी निःशंकपणे म्हणेन. इटलीच्या दक्षिणेकडील पुलिया व कलाब्रिया या प्रांतांत टोमॅटोचे दोन भाग करून, त्यांवर मीठ भुरभुरून ते फळ्यांवर वाळवण्याची प्रथा रुजली, ती तेथील उन्हाळा कोरडा आणि पाऊस बहुतांशी हिवाळ्यात असतो म्हणून. आपला कोरडा काळ पावसाळ्याच्या अलीकडे पडतो, एवढाच काय तो फरक. तेथल्यासारखे अर्धे टोमॅटो आपल्याकडे वाळत घालण्याचा हट्ट मात्र धरू नये. अर्ध्या फोडीला आठवडाभर लागतो, आणि तेवढ्या मुदतीत धूळ, माश्या, कबुतरे व एखादे वळवाचे सावट यांपैकी कोणी ना कोणी हजेरी लावतेच. त्यापेक्षा लांबट, जाड गराचे व घट्ट टोमॅटो निवडून त्यांच्या पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या चकत्या कराव्या, किलोला दहा-पंधरा ग्रॅम मीठ लावून तासभर चाळणीत निथळू द्याव्या, आणि मग जाळीवर किंवा सुती कापडाने आच्छादलेल्या बाजेवर, खालूनही वारा लागेल अशा बेताने, एकमेकींना न चिकटवता मांडाव्या. एप्रिलच्या उन्हात दोन-तीन दिवसांत काम होते. निथळलेले आंबट-खारट पाणी फेकून देण्याचा उधळेपणा करू नये, कारण टोमॅटोच्या चवीचा मोठा वाटा बियांभोवतीच्या त्या बुळबुळीत भागातच असतो. त्या दिवशीच्या साराला ते उत्तम. ॲल्युमिनियमचे ताट किंवा कल्हई उडालेली पितळी परात आंबट फळाला वर्ज्य, हे सांगावयास नकोच. सायंकाळी सारे घरात घ्यावे, नाहीतर दिवसभरात गेलेले पाणी रात्रीच्या दवाने काही अंशी परत येते.

उन्हाची बाजू घेताना त्याचे दोषही नोंदवले पाहिजेत. उघड्या उन्हात रंग काळवंडतो आणि क जीवनसत्त्वाची हानी अधिक होते. टोमॅटोचा लाल रंग ज्यामुळे येतो ते लायकोपिन मात्र बरेचसे टिकून राहते. या दोषांवर उतारा म्हणून काचेच्या झाकणाची, आतून काळा रंग दिलेली सौरपेटी सुताराकडून करवून घेता येते. तिची काच दक्षिणेकडे उतरती, साधारण आपल्या गावाच्या अक्षांशाइतक्या, म्हणजे पुण्याला अठरा-एकोणीस अंशांच्या कोनात असावी, आणि खालच्या बाजूस थंड हवा आत येण्यास व वरच्या बाजूस दमट हवा बाहेर जाण्यास छिद्रे असावीत. ही छिद्रे ठेवण्याचे विसरून पेटी हवाबंद करणारे महाभाग पुष्कळ आहेत. त्यांच्या काचेवर दुपारपर्यंत पाण्याचे थेंब जमतात आणि आत टोमॅटो वाळण्याऐवजी शिजतो. याच तत्त्वावरचे मोठे सौरवाळवणयंत्र ग्रामीण स्त्रियांच्या हाती देऊन शेतमाल वाळवून घेणाऱ्या एस फॉर एस टेक्नॉलॉजीज या आपल्या महाराष्ट्रातील संस्थेला २०२३ साली अर्थशॉट पारितोषिक मिळाले, तेव्हा ही कल्पना केवळ हौशी मंडळींची आहे असे कोणी समजू नये.

आता विजेच्या यंत्राचा जमाखर्च. दोन किलो टोमॅटोतून एकोणीसशे ग्रॅमच्या आसपास पाणी उडवायचे, तर भौतिकशास्त्राच्या हिशेबाने सव्वा युनिट वीज पुरावी; परंतु ५०० वॉटचे घरगुती यंत्र बारा तास चालले तर सहा युनिटांपर्यंत वीज घेते, कारण उरलेली ऊब गरम हवेबरोबर स्वयंपाकघरात निघून जाते. युनिटला दहा रुपये धरले तर साठ रुपये खर्चून हाती येतात ते सुमारे १२० ग्रॅम वाळलेले टोमॅटो. हा व्यवहार टोमॅटो दहा रुपये किलो असताना क्षम्य, चाळीस असताना शंकास्पद, आणि त्यापुढे निव्वळ चैन. तथापि मुंबई, कोकण व गोवा येथील बारमाही दमट हवेत, आणि पावसाळ्यात तर सर्वत्रच, वाळवायचेच असेल तर हे यंत्रच विश्वासू, हेही प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. केक भाजण्याच्या घरगुती भट्टीची मात्र मी शिफारस करणार नाही: ती बहुधा ऐंशी-शंभर अंशांखाली उतरत नाही, वाफ जाण्यासाठी तिचे दार किलकिले ठेवावे लागते, आणि इतक्या खटाटोपानंतर कडा जळलेला, मध्ये ओला असा जो पदार्थ मिळतो तो भाजलेला टोमॅटो होय, वाळलेला नव्हे. पावावर ठेवून त्याच दिवशी खाण्यास तो रुचकर असतो. मायक्रोवेव्हचा विचारच करू नये.

रीत कोणतीही असो, फोड वाकवली असता कडकन मोडेपर्यंत ती पुरी झाली असे समजू नये. वाळलेल्या फोडी काचेच्या बरणीत दोन-तृतीयांश भरून आठवडाभर रोज हलवून पाहाव्या; काचेवर आतून दमटपणा दिसला तर पुन्हा वाळवाव्या. उन्हातल्या मालात कीटकांची अंडी राहण्याचा संभव असल्याने बरणीबंद करण्यापूर्वी दोन दिवस उणे अठरा अंशांच्या शीतकप्प्यात ठेवणे हिताचे. साऱ्याची एकदम पूड करण्याचा मोह आवरावा, कारण टोमॅटोतील साखर हवेतला ओलावा ओढून घेते आणि पुडीचा गठ्ठा होतो. आणखी एक इशारा अत्यंत गांभीर्याने द्यावासा वाटतो. अर्धवट, चिवट वाळलेल्या फोडी लसणीसह तेलात बुडवून महिनोन्‌महिने फडताळात ठेवण्याची जी परदेशी फॅशन आपल्याकडे आली आहे, ती जीवघेणी ठरू शकते. तेलाखाली हवा पोचत नाही, आणि अशाच हवाबंद, पुरेसे आम्ल नसलेल्या ओलाव्यात बोट्युलिझमचे विष तयार करणारे जंतू वाढतात. तेलातलेच हवे असतील तर थोडे करून शीतकपाटात ठेवावे आणि चार दिवसांत संपवावे.

एवढे सारे लिहिल्यावर मुख्य अडचण शिल्लकच राहते, आणि ती टोमॅटोची नसून जागेची आहे. पुणे, नाशिक, नागपूर, संभाजीनगर या शहरांतील गृहनिर्माण संस्थांनी आपल्या गच्च्यांना कुलपे घातली आहेत. पाण्याच्या टाक्या, मोबाइलचे मनोरे, मुले कठड्यावर चढण्याची भीती अशी कारणे सांगितली जातात, आणि त्यांतली काही खरीही आहेत. पण ज्या गच्चीचा देखभालखर्च प्रत्येक सभासद भरतो, तिच्यावरचे फुकटचे ऊन वापरण्यास मनाई आणि त्याच घरात सहा युनिटे वीज जाळण्यास पूर्ण मुभा, हा कारभार तर्काला धरून नाही. सरसकट मोकळीक द्या असे माझे म्हणणे नाही. फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत सकाळी नऊ ते सायंकाळी सहा, नोंदवहीत नाव लिहून व ज्याच्या त्याच्या जबाबदारीवर किल्ली मिळावी, इतकी साधी तजवीज पुरेशी आहे. संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत भरतात. वाचकांनी त्यापूर्वी आपल्या सचिवांकडे या मागणीचा लेखी अर्ज द्यावा आणि तो विषयपत्रिकेवर घेतला गेला आहे याची खातरजमा करून घ्यावी.